अर्क उतरवणाऱ्याचे हात

कारखान्यात त्याला सगळे कडूकाका म्हणत. एकवीस वर्षं त्याने एकच काम केलं. काडेचिराईताचा वाळलेला पाला दळायचा, टाकीत भरायचा, वरून कोमट स्पिरिट सोडायचं. पहिला अर्क काळपट हिरवा उतरे, दुसरा फिका, तिसरा नावापुरता. मग स्पिरिट उडवलं की तळाला औषधाचा चिकट गर उरे. त्या पाल्याचा कडूपणा साध्या पाण्याला पुरती दाद देत नाही, स्पिरिटला देतो. एवढीच त्याची विद्या.

ती त्याच्या हातांत मुरली होती. तो हात लावील तो पाव कडू, कप कडू, दाराची कडीसुद्धा कडू. त्याला मात्र काही कळत नसे. जीभ केव्हाच निबर झाली होती. बायको होती तोवर ती सांगे. तिच्यामागे सांगणारं कोणी उरलं नाही.

लेकीचा फोन आला. रविवारी बाळाला घेऊन येते, संध्याकाळच्या गाडीने परत. पाच महिन्यांच्या नातीला तो पहिल्यांदाच बघणार होता.

"दिसेल ते तोंडात घालते हं," लेक हसून म्हणाली.

त्याने चार दिवस रजा टाकली आणि कारखान्यातून बाटलीभर स्पिरिट मागितलं.

"काय काका, या वयात पिणं सुरू?" भांडारवाला म्हणाला.

"हात धुवायचेत."

"मग अख्खेच टाकीत उतरा की! वर्षाचं औषध निघेल."

घरी त्याने पाल्याचं करतात तसंच केलं. हात भिजवायचे, स्पिरिट ओतून द्यायचं, पुन्हा नवं घ्यायचं. तीनदा. कातडी पांढरी पडली, भेगाळली. पण कडूपणा सरला की नाही? टाकीचं प्रयोगशाळा सांगे. हातांचं कोण सांगणार?

त्याने सफरचंद चिरलं, फोडी बोटांनी नीट चोळल्या आणि शेजारच्या शिंप्याला नेऊन दिल्या.

"कसं आहे?"

"वा, गोड आहे की!"

जिन्यावरून त्याने वळून पाहिलं. शिंपी खिडकीतून थुंकत होता.

पुढचे दोन दिवस तो हातच धूत बसला.

रविवारी लेक आली. नात हसून झेपावली. त्याने हात पाठीमागे घेतले.

"अहो बाबा, घ्या ना तिला!"

"आधी तू माझं बोट चाटून बघ."

"काय?"

"खरं सांग पण. तोंडदेखलं नको."

मग तिने त्याच्या बोटाला जीभ लावली. तोंड क्षणात वाकडं झालं.

"कडूजहर आहे, बाबा."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. त्याला खरंच हायसं वाटलं.

दूध पिऊन पोर पेंगुळली, तेव्हा लेकीने त्याला खुर्चीत बसवलं आणि तिला त्याच्या कोपरांच्या बेचक्यात ठेवलं. "हात तेवढे लांब धरा." त्याने धरले. दोन्ही पंजे हवेत. पोर झोपली. ती किती ऊबदार होती!

टोपड्याचा एक दोरा तिच्या गालावर आला. झोपेतच तिने नाक मुरडलं.

"अगं, जरा इकडे ये गं," तो हळूच म्हणाला. लेक आत नळाखाली दुधाची बाटली धूत होती. तिला ऐकू गेलं नाही. मोठ्याने बोलावं तर पोर उठेल.

त्याने मान वाकवली आणि फुंकर घातली. दोरा हलला. पुन्हा तिथेच बसला.