जिवंत साधन

"शर्ट काढ," भूगोलाचे सर म्हणाले. "आणि या टेबलावर उभा राहा."

मी शर्ट काढला. साताऱ्याकडच्या एका मास्तर घडवायच्या कॉलेजात मी शिपाई होतो. घंटा द्यायची, फळे पुसायचे, नकाशे अडकवायचे. आफ्रिकेचा नकाशा मीच अडकवला होता. मला वाटलं खिळा ढिला झालाय, वर चढून ठोकायचा असंल. पण त्याला शर्ट कशाला काढायचा, ते कळेना.

त्या कॉलेजात पाठ घ्यायची एक रीत होती. गावातल्या शाळेची चौथीची पोरं आणून पुढं बसवायची. मागं भिंतीला उद्याचे मास्तर बसायचे. सर पाठ घेऊन दाखवायचे, आणि तसाच तो या मास्तरांनी पुढं जन्मभर घ्यायचा. त्या दिवशीचा पाठ होता आफ्रिकेतले लोक.

सरांनी छडी घेतली. छडीचं टोक माझ्या ओठाला लावलं.

"मुलांनो, हे काय?"

"ओठ."

"कसे?"

"जाड."

मग नाक. मग केस. मग पाठीवर छडी फिरवून रंग.

"हबशी असे असतात. आपला शिपाई थोडा उजळ निघाला, इतकंच."

मागचे मास्तर हसले.

पुढच्या रांगेत माझी लेक होती. हौसा. सगळ्यांबरोबर तीबी म्हणत होती. न म्हणून करते काय, सर बघत होते. बापाच्या तोंडाकडं बघून लेकीनं 'जाड' म्हटलं, 'चपटं' म्हटलं. मी मान वळवली तर सर म्हणाले, "समोर बघ."

बाहेर येऊन बटणं लावत होतो. आतलं ऐकू येत होतं. सर मास्तरांना सांगत होते, "चित्र दाखवलं की पोरं विसरतात. शैक्षणिक साधन असावं तर असं. जिवंत."

मी महारवाड्यातला. कॉलेजात माझी कपबशी वेगळी होती, खिडकीत पालथी. अपमान मला नवा नव्हता. पण अपमान शिकवतात, आणि तो शिकवावा कसा हेही शिकवतात, ते मी त्या दिवशी बघितलं.

शाळेत पोरं हौसाला हबशीण म्हणायला लागली. ती रडली नाही. चुलीपुढं बसून मला म्हणाली, "आबा, आफ्रिकेत आपलं कोण हाय का?"

मी दुसरी नापास. मला आफ्रिका म्हणजे भिंतीवरचा एक पिवळा डाग.

मास्तर व्हायला आलेल्यांत एक सदू होता. कुपवाडकडचा, आमच्यातलाच. वसतिगृहात पंगतीच्या कडेला जेवायचा. वाचायचा लय. तेव्हा आमची शिकलेली पोरं अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं कायबाय वाचायची, त्यावर भांडायची. मी सदूला धरलं. म्हटलं, ही हबशी माणसं कोण, मला नीट सांग.

दुपारच्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत बसून तो वाचायचा. माणसं धरून जहाजात कोंबली. बाजारात उभी केली, दात बघितले, दंड दाबून बघितले. अक्षर शिकलं तर फटके. गुलामी गेली तरी बसायची जागा वेगळी, शाळा वेगळी, प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा. तिथं मी त्याला थांबवलं. म्हटलं, "पाण्याचं परत वाच."

त्यानं परत वाचलं.

आणखी वाचलं. आफ्रिकेत राजे होते, मोठाली शहरं होती, सोन्याचा व्यापार होता. आपल्या दख्खनमधी हबशी माणसं वजीर झाली, सरदार झाली.

"मग सर हे का सांगत न्हाईत?" मी विचारलं.

"त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं न्हाई, तात्या."

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या हौसाला सांगितलं, "व्हय. आफ्रिकेत आपलं लय जण हाईत."

उन्हाळ्याच्या तोंडाला मास्तरांच्या परीक्षेचे पाठ आले. बाहेरून परीक्षक यायचे होते. सदूच्या वाट्याला तोच पाठ आला. मला आनंद झाला. म्हटलं, आता खरं सांगणारा उभा राहणार.

आदल्या दिवशी सदू नकाशांच्या खोलीत आला. खाली बघून बोलायला लागला.

"तात्या, सरांनी पाठ तपासून दिलाय. साधन म्हणून तुमालाच धरलंय."

"मग?"

"एकदा हुबं ऱ्हावा. माझ्यासाठी. सरांनी धरलेलं बदललं तर नापास करत्याल. घरी आई वाट बघतीया."

"आन् तू मला वाचून दाखवलंस ते रं?"

"ते पास झाल्यावर शिकवीन."

"पास झाल्यावर तुला शिपाई मिळंल, गड्या. मग तू त्याला चढवशील."

तो चिडला. "तुमाला काय जातंय बोलायला? तुमची नोकरी पक्की हाय."

एवढं बोलून गेला. मला झोप लागली नाही. पोरगं आमचं होतं. त्याच्या आईनं रोजगार करून त्याला शिकवलं होतं. सरांना नाही म्हणणं सोपं होतं. त्याला नाही म्हणणं जड गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. परीक्षक खुर्चीत. सदू फळ्याजवळ, हातात छडी. सरांनी दारातून मला खूण केली.

"ये. शर्ट काढ."

"न्हाई काढत."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"ठावं हाय. तरी न्हाई."

परीक्षकांनी विचारलं, काय अडचण आहे. सर हसून म्हणाले, "काही नाही, शिपाई जरा आडमुठा आहे."

मी म्हटलं, "आडमुठा हाय. आन् ती माणसं कोण ते मला म्हाईत हाय. ह्या पोरांना ते सांगा. माझं थोबाड दाखवू नका."

वर्गात कुणी हसलं नाही. मी सदूकडं बघितलं. आता तरी बोलंल. दोन वाक्यं बोलला असता तरी पुरं होतं. सदूनं खडू घेतला. फळ्यावर एक डोकं काढलं. ओठ जाड. नाक चपटं. पोरांकडून तेच वदवून घेतलं.

पास झाला.

मला सरांनी बोलावून सांगितलं, उद्यापासून वसतिगृहाचे संडास. मी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि निघालो. पक्की नोकरी गेली. बायको महिनाभर बोलली नाही. पुढं कुपवाडला कारखान्यात भट्टीवर लागलो. तिथं अंगावर चटके बसले, ते बरे होते.

सदू पुढं मोठा झाला. मास्तरांना शिकवणारा मास्तर झाला. एकदा मिरजेच्या स्टँडवर भेटला. पाया पडायला वाकला, मी पाय मागं घेतला. विचारलं, "आफ्रिका शिकवतोस का?"

"अभ्यासक्रमात हाय तेवढी शिकवतो, तात्या."

"किती हाय?"

गाडी लागली म्हणाला आणि गेला.

याचाच संताप येतो. सर अडाणी होते, त्यांचं सोडा. याला सगळं ठाऊक होतं. याच्या हाताखालून मास्तरांच्या तुकड्यामागून तुकड्या गेल्या.

आता नात चौथीत आहे. परवा तिच्या शाळेत गेलो. मास्तर तरुण आहे, गोड बोलतो. त्याला म्हटलं, आफ्रिकेचा पाठ कवा घेणार ते सांगा, मी वर्गात बसणार. तो म्हणाला, "आजोबा, पालकांना वर्गात बसता येत नाही."

मी दारात बसणार. ती माणसं विकली कुणी, ती लढली कशी, आपल्या मुलखात येऊन त्यांनी काय केलं, हे मास्तरनं सांगितलं तर गप ऐकीन. नाही सांगितलं तर उठून मी सांगणार. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत येणार.