उस्ता शुक्रुल्लांचं हलकं भांडं

इराणातल्या हमदानच्या तांबटआळीत शेवटून तिसरं दुकान उस्ता शुक्रुल्लांचं. तांब्याला आता कुत्रं विचारत नाही, म्हणून म्हातारा ॲल्युमिनियमची भांडी विकतो. पण पाठीवर पिशवी घेऊन अलवंदचा डोंगर चढणारं प्रत्येक पोर आधी त्यांच्याकडे येणार. कारण उस्ता माल खपवत नाहीत, माणूस बघतात.

“किती जण? किती रात्री? बर्फ वितळवायचंय की नुसता चहा?”

एकदा एक दीडशहाणा मोबाईलवर टायटॅनियमच्या सेटचं चित्र घेऊन आला. “अरे, एवढ्या पैशात तुझं लग्न होईल!” उस्ता म्हणाले. “हे घे. तोंड रुंद आहे, लवकर उकळतं. झाकण असं की त्यातच अंडी तळशील. कान काढून टाक, एका चिमट्यानं भांडं आणि झाकण दोन्ही उचल. आणि फार पातळ घेऊ नकोस. मसूर एकदा करपली की सगळी सहल करपट खाशील.” पोरगं गुपचूप तेच घेऊन गेलं.

स्वतः उस्ता चौऱ्याहत्तरीतही दर शुक्रवारी अलवंदवरच्या मीशानच्या पठारावर जायचे. गुडघे गेलेले. पाठीवर तीन किलोच्या वर नको, असा डॉक्टरांचा दम. म्हणून त्यांनी एक जोडी स्वतः ठोकून केली होती. एकात एक बसणारी दोन भांडी, बुडाला जाड, कडेला पातळ, झाकणासकट पावणेतीनशे ग्रॅम. ते झालं आणि हात थरथरायला लागले. त्यानंतर हातोडा उचलला नाही.

आता माझं सांगते. मी मेहरअंगीज, शाळेत मास्तरीण. बावीस वर्षं पोरींना रीतभात शिकवतेय. वसंतात सबलानच्या डोंगरावर पाच दिवस जायचं होतं, म्हणून भांडी बघायला गेले. कसं भांडं घ्यावं हे समजावताना उस्तांनी आपली जोडी काढून माझ्या हातात दिली. हातात काही आहे असं वाटेचना!

“काय सुरेख आहे हो!” मी म्हणाले.

“पेशकश, बाई. तुमचंच समजा.”

आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. कुणी वस्तूचं कौतुक केलं की धन्यानं ‘पेशकश’, म्हणजे ‘घेऊन जा’, म्हणायचं, आणि आपण ‘छे छे’ म्हणून ती परत ठेवायची. धन्यानं कितीही आग्रह केला तरी ठेवायची. मी दोनदा ‘छे छे’ म्हणाले. मग म्हणाले, “बरं, एवढं म्हणताच आहात तर...”

खोटं कशाला बोलू? मला कळत होतं. हाव सुटली होती, दुसरं काही नाही. उस्तांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी जोडी वर्तमानपत्रात नीट गुंडाळली आणि वर चिमटाही दिला. “याच्याशिवाय हात भाजेल,” म्हणाले.

सबलानवर सोबतच्या सगळ्यांनी विचारलं, कुठून मिळवलंस? “उस्तांनी प्रेमानं दिलं,” मी तोंड वर करून सांगितलं.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी मीशानला गेले, तर उस्ता दगडावर बसून कोरडं नान चावत होते. ना स्टोव्ह, ना भांडं.

“चहा नाही आज?”

“डॉक्टरनं बंद केलाय, बाई.”

उतरताना माझ्याबरोबर आलेली शेजारची समीन तडकून म्हणाली, “डॉक्टरनं कसला बंद केलाय! दुकानातलं हलक्यात हलकं भांडंही त्यांच्या जोडीच्या तिप्पट जड. गुडघ्यांना झेपत नाही. ती जोडी म्हणे कुणीतरी लाटली. काय निर्लज्ज माणसं असतात गं!”

“हो ना,” मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत नेऊन देणं शक्य नव्हतं. दिलेली वस्तू परत करणं म्हणजे माणसाच्या तोंडात मारणं. दोनदा तांबटआळीच्या तोंडापर्यंत गेले आणि माघारी आले. मग युक्ती सुचली. पुढच्या शुक्रवारी पठारावर उस्तांसमोरच त्या भांड्यात चहा ठेवायचा. त्यांनी एकदा ‘छान’ म्हटलं की मी ‘पेशकश’ म्हणणार आणि ते घेईपर्यंत हात धरून ठेवणार.

चहा झाला. खूप आग्रह केला तेव्हा त्यांनी घेतला. चहा फक्कड म्हणाले, हवा छान म्हणाले, माझी तब्येत सुधारली म्हणाले. भांड्याबद्दल अवाक्षर नाही. मी ते पुढे सरकवलं, झाकण वाजवलं. शेवटी राहवेना.

“अहो उस्ता, भांड्याबद्दल काही बोला की!”

त्यांनी काठावरची काजळी अंगठ्यानं पुसली.

“काय बोलू, बाई? चांगलं म्हटलं तर तुम्हाला ते मला द्यावं लागेल. कशाला कुणाला असं अडचणीत टाकायचं?”

टोमणा असता तर भांडले असते. टोमणा नव्हता हो. माझे डोळे भरून आले.

“उस्ता, तेव्हा मला कळत होतं,” मी म्हणाले. “कळत असून घेतलं मी.”

“ठाऊक आहे,” ते हळूच म्हणाले. “कुणाला सांगू नका. पोरी तुमच्याकडे शिकायला येतात.”