बुरुलचा उजवा खांदा

बुरुलचा खांदा एका दिवसात गेला नाही. तो कित्येक वर्षं जात होता, आणि ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी खुशाल डोळेझाक केली.

नारीन शहरात तिच्यासारखा छताचा गिलावा करणारं दुसरं कुणी नव्हतं. लहानथोर सगळे तिला एजे म्हणत, ताई म्हणावं तसं. डोक्यावर हात ताणून थापी चालवायची, माल तोंडावर सांडतोय, मान आखडतेय, तरी हात खाली येऊ द्यायचा नाही. नव्या शाळेच्या कामावर तर दोन पिंपांवर फळी टाकून बायकांना उभं केलेलं. बुटकी बुरुल टाचा उचलून छत गाठायची.

"कुबात, अरे परांची बांध की जरा उंच," ती मुकादमाला म्हणाली. "खांदा नुसता जळतोय."

"फळ्याच नाहीत, एजे. आणि खांदा कुणाचा दुखत नाही? माझी आई म्हातारपणीसुद्धा लोकरीचे जाड नमदे लाटायची."

"मग तिलाच चढव इथे!"

बायका खिदळल्या. कुबात काही हसला नाही.

दुसऱ्याच दिवशी भरली थापी वर नेताना खांद्यात काहीतरी टर्रकन फाटलं. थापी गळून पडली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं हात वर करायला सांगितलं. तो छातीपर्यंतही येईना.

"या वयात बायकांना होतं असं. घरात जड उचलू नका."

बुरुलच्या कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे होते, नखांत सिमेंट भरलेलं.

"मी घरात बसलेली दिसते का रे तुला?" ती म्हणाली आणि ताडकन उठून आली.

मग वेणी जावेनं घालायची, रोटी जावेनं तोडून द्यायची. बुरुल जेवायची, पण आतून धुमसत होती.

जरा बरं वाटल्यावर ती शाळेकडे गेली. तिच्या जागी, त्याच पिंपांवर, तोलगोनाय नावाची पोर टाचा उचलून उभी. अजून विशीतली, पण मधेच थांबून खांदा चोळत होती. बुरुलला बघवेना. ती बाहेर आली, इमारतीला वळसा घातला, तर मागे ताडपत्री. तिनं ती डाव्या हातानं ओढली. खाली फळ्यांची रास! कोऱ्या, जाडजूड.

"ह्या कुणाच्या?" ती कडाडली.

कुबात धावत आला. "शाळेच्याच आहेत, एजे... म्हणजे मी माझ्या ओसरीसाठी बाजूला..."

"तुझ्या ओसरीसाठी माझा हात गेला?"

एकेक करत सगळ्या बायका बाहेर आल्या. थाप्या खाली टाकून त्या फळ्यांवरच बसल्या. कुबातनं दम दिला, मग विनवण्या केल्या. कुणी हललं नाही. दुपारच्या चहाच्या आत परांची उभी राहिली. इतकंच काम होतं ते!

बुरुलचा हात काही परत आला नाही. आता ती डाव्या हातानं भिंतींचा खालचा भाग लिंपते. कुबात समोर आला की छातीवर हात ठेवून अदबीनं सलाम करतो. ती घेत नाही.