हळद माझ्या हातची

मनगटावर जांभळट, चपट्या पुटकुळ्या उठल्या तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. खाज अशी की लाटणं हातात धरवेना. सांगलीला कातडीच्या डॉक्टरांकडे तीच मला घेऊन गेली आणि ते जे बोलले ते तिनं माझ्या शेजारी बसून ऐकलं.

"लायकेन प्लॅनस," डॉक्टर म्हणाले. "नक्की कारण कुणालाच ठाऊक नाही. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पेशी आपल्याच कातडीवर उलटतात. काहींच्या बाबतीत यकृताच्या एका व्हायरसचा संबंध दिसतो, म्हणून रक्त तपासू. पण हात लावल्यानं हे कुणाला होत नाही."

आपलेच आपल्यावर उलटतात, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. माझ्या मोबाइलचा स्क्रीन फुटला होता, म्हणून लॅबच्या पावतीवर तिचा नंबर दिला.

व्हायरस हा एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला होता. बाहेर आल्यावर मीच म्हणाले, "रिपोर्ट चांगला आला तरच तुला हळद लावीन." आई गेल्यापासून तिला मी वाढवलं. पहिली हळद मी लावायची, हे ती शाळेत होती तेव्हापासूनचं ठरलेलं. मग मी तिला रोज विचारायचे, "आला का गं?"

"न्हाई अजून, ताई. आल्यावर सांगीन की."

हळदीच्या सकाळी ती स्वयंपाकघरात आली. "ताई, हळद तेवढी तूच कालव. तुझ्यासारखी कुणाला जमत न्हाई."

"अगं, रिपोर्ट कुठं आलाय?"

"मला काय व्हतंय तुझ्या हातानं?"

माझे डोळे भरून आले. वेडीच मी. आमच्याच रानातली हळद, दूध आणि तेल घालून मनगटापर्यंत हात पिवळे होईतो कालवली. वाटी बाहेर मांडवात गेली. पहिली हळद चुलत वहिनीनं लावली. रिपोर्टाशिवाय लावायची नाही हे मीच म्हटलं होतं, म्हणून मी दाराआडून पाहत होते. कुणी विचारलं की अंगात कणकण आहे म्हणून सांगत होते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी एसटीनं सांगली गाठली. लॅबमधल्या मुलीनं पावती पाहिली आणि आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. "बुधवारीच पाठवलाय की, मॅडम. ह्या बघा निळ्या खुणा, वाचलाय पण." व्हायरस नव्हता. हळद शनिवारी होती.

ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा चहासुद्धा न ठेवता मी विचारलं. ती मान खाली घालून हिरव्या बांगड्या फिरवत राहिली.

"फोटूत तुझं हात दिसलं असतं, ताई. सासरची मानसं काय म्हनली असती?"

"मग तोंडावर म्हनायचं. मी आपनहून मागं सरले असते."

"तुला वाईट वाटलं असतं."

माझ्या हातांची तिला किळस किंवा भीती असती, तर मी समजून घेतलं असतं. भीती मलाही होती. पण तिला ती कधीच नव्हती, आणि हेच मला अजून गिळवत नाही.

जाताना तिनं मला हळदीचे फोटो दाखवले. ढीगभर फोटो. कपाळापासून पावलांपर्यंत पिवळीधमक, खळखळून हसणारी ती. अंगभर माझ्या हातची हळद, आणि मी एकाही फोटोत नाही.