ताईच्या मुठीतली चावी

माझ्या ताईला लहानपणापासून फिट येते. आमच्या आर्णीत फिट आली की माणसाच्या मुठीत लोखंडी चावी देतात. लोखंड धरलं की फिट पळते म्हणे. एकदा दुकानं उघडायच्या वेळेला ताई भर बाजारात पडली, तर सगळे दुकानदार चाव्या घेऊन धावले आणि संध्याकाळपर्यंत एकही दुकान उघडलं नाही. खोटं वाटत असेल तर कोणालाही विचारा. फक्त मी सोबत असतानाच विचारा.

गोळ्या थकल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, फिट मेंदूत नेमकी कुठून उठते ते सापडलं तर ऑपरेशन करता येईल. त्यासाठी दूरच्या शहरात गेलो. तिथलं यंत्र मेंदूचं चुंबकत्व मोजतं. मेंदूत बारीकशी वीज वाहते, तिच्यामुळे डोक्याबाहेर चुंबकत्व उमटतं. पण इतकं क्षीण, की पोळ्याच्या गर्दीत मुंगीनं उसासा टाकावा. म्हणून खोली जाड भिंतींची, आणि आत धातू अजिबात नको.

ताईनं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पिनासुद्धा काढून दिल्या. चादर पांघरून ती यंत्राखाली बसली, आणि बाहेरच्या पडद्यावर रेघा अशा नाचल्या की डोंगरच कोसळला जणू.

"आत काहीतरी धातू आहे," यंत्रावरची मुलगी म्हणाली. मला लगेच कळलं. मी माइकवर बोललो, "ताई, मूठ उघड."

"काहून?"

"चावी हाय ना?"

"हाय. तुह्याच घराची हाय."

"ते मशीनवरची पोरगी आत येते, तिच्यापाशी दे."

"अन् फिट आली तं?"

आजवर आम्ही सगळ्यांनी तिला याच एका गोष्टीपासून जपलं होतं. आणि आता मलाच म्हणावं लागलं, "येऊ दे, ताई. आज तिलेच पाहाले आलो आपण."

 ताईनं मूठ उघडली, आणि ती मुलगी चावी घेऊन बाहेर आली.

रेघा शांत झाल्या. ताई डोळे मिटून बसली होती, फिट काही आली नाही; पण मधूनच एखादी रेघ टोकदार उसळायची. पुन्हा पुन्हा. फिट जिथून उठते ती जागा त्यावरूनच कळते म्हणे. पुढं डॉक्टरांनी मेंदूच्या चित्रावर एका जागी बोट ठेवलं.

"सापडली का रे?" ताईनं विचारलं.

"सापडली."

"केवढी हाय?"

हत्तीएवढी म्हणायची माझी सवय. पण म्हणालो, "तुरीच्या दाण्याएवढी."

ताई त्या चित्राकडं पाहत राहिली. "एवढीशी? मंग काढा म्हणा."