कळकलेलं ताक

कोंडीरामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खडकवासला रस्त्यावरच्या एका वीर्य केंद्रात तो वळू सांभाळायचा. तीस वर्षांत कामात कसर नव्हती. सरदार नावाचा वळू त्याचा लाडका. उन्हाळाभर तो त्याला घरच्या तांब्याच्या घंगाळातून ताक पाजायचा.

प्रयोगशाळेतल्या नम्रता मॅडम एकदा म्हणाल्या, "सरदारच्या वीर्यात तांबं उतरलंय. एन्झाइम मंदावलेत, शुक्राणू हलत नाहीत. खाद्यातच खोट असणार. वळू मात्र बाद करावा लागेल."

कोंडीरामच्या डोळ्यांपुढे घरचं घंगाळ आलं. घंगाळाची कल्हई कधीच उडाली होती. अशा भांड्यात ताक कळकतं आणि विषारी होतं, हे त्याला ठाऊक होतं. घरी कुणाला त्याने ते पिऊ दिलं नसतं; जनावराला काय होतंय, असं वाटलं होतं. आठ दिवस तो मान खाली घालून शेण काढत राहिला. सरदारला न्यायला गाडी येणार असं कळलं, तेव्हा त्याने घंगाळ मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"खाद्य चांगलंय, मॅडम. यातून मीच ताक पाजलं."

"अहो, कल्हई बघायलाही प्रयोगशाळा लागते का?"

मॅडमनी घंगाळ बाजूला सरकवलं.

"ताक बंद करून दोन महिन्यांनी नवं वीर्य पुन्हा तपासता येईल. पण बाद वळूला इथे वैरण मिळत नाही."

"माझ्या पगारातून कापा."

दोन महिने कोंडीरामचा पगार सरदारच्या वैरणीत गेला.