आप्पांसाठी तळलेले खेकडे

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी खेकडा खाल्लेला नाही. आम्ही लिंगायत, अंड्याचं टरफलसुद्धा आमचा उंबरठा ओलांडून आत आलेलं नाही. तरीही माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न खेकड्यांवरून अडलं होतं, आणि ते खेकडे मी स्वतःच्या हातानं तळले होते!

पल्लवी पुण्यात नोकरीला. तिथंच तिला जळकोटचा ओंकार भेटला आणि दोघांनी आम्हाला न विचारता एकमेकांना पसंत करून टाकलं. मुलगा आपल्यातला, शिकलेला, घरची शेती. सगळे तयार होते. राहिला होता एकच माणूस, ओंकारचे आजोबा, म्हणजे आप्पा. पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे, हॉटेलात चहासुद्धा न घेणारे. ("त्या कपात आधी काय असंल काय की!") त्यांनी निरोप धाडला, "आधी घर बघू. मंग बोलू."

पल्लवी सुट्टी काढून लातूरला आली ती मला दम द्यायलाच.

"बाबा, आप्पा नाही म्हणाले तर ओंकार त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. तुम्ही फक्त नीट वागा."

आता लातुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, माणसं मला शेटजी म्हणतात. मी काय नीट वागत नाही? पण मुलीच्या आवाजात कंप होता आणि तो मला लागला. मी ठरवलं, आप्पांना असं काही खाऊ घालायचं की ते जिंदगीभर विसरणार नाहीत. (ते विसरले नाहीत.)

मुलगी बघायला आलेल्यांना कांदेपोहे तर सगळेच देतात. आपण कांदा ठेवू आणि पोह्यांना सुट्टी देऊ! दिवाळीत पल्लवीनंच मला पुण्यातल्या खेकडा भज्यांचं कौतुक सांगितलं होतं. उभा चिरलेला कांदा, मिठानं सुटलेल्या त्याच्याच पाण्यात कालवलेलं बेसन, चिमूटभर ओवा. तळल्यावर कांद्याचे काप चहूबाजूंनी पायांसारखे बाहेर येतात, म्हणून खेकडा. आपल्याकडं याला नुसतं भजे म्हणतात. पण खेकडा म्हटलं की पुण्याला जाऊन आल्यासारखं वाटतं!

आयुष्यात कधी गॅस न पेटवलेला मी रोज दुकानातून आलो की कढईपुढं उभा राहू लागलो. पहिला घाणा निघाला आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्यातलं एक भजं ओट्यावर आपटून बघितलं.

"अहो, हे खायचं हाय का भिंतीत खिळा ठोकायचा हाय?"

"थांब की! पाय आले न्हाईत अजून."

"तुम्ही पाणी ओतून राहिले पिठात, कुठून येतील पाय?"

पाणी बंद केलं. मग पाय आले, पण मऊ आले. मग जळाले. मग एकदाचे असे आले की सुनंदानं एक उचललं, दुसरं उचललं आणि ताटलीच जवळ ओढली! तोवर आमच्या घरची भाषाच बदलली होती. मी दुकानातून फोन करायचो, "कांदा चिरून ठेव, आज खेकडा हाय!" आणि गिऱ्हाईकं माझ्याकडं वळून बघायची. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवार उजाडला. मी बनियनवर, खांद्याला पंचा, कोपरापर्यंत बेसन. तेवढ्यात बसवराजचा फोन आला. बसवराज म्हणजे सुनंदाचा भाऊ, आमच्या या सोयरिकीतला मध्यस्थ. जळकोटची मंडळी त्याला चाकूरहून गाडीत घेणार होती.

"दाजी, चाकूर सोडलं. काय करायलाव?"

"खेकडा!"

"काय?"

"खेकडा तळून राहिलो! आप्पांना म्हणावं, पोट रिकामं ठेवा."

पलीकडं एकदम शांत झालं. मला वाटलं रेंज गेली, म्हणून मी आवाज चढवला. "ताजा माल हाय, बसवराज! सकाळीच बाजारातून आणला. पाय असे कुरकुरीत की मोडला की कट्‌कन आवाज येतो!"

"दाजी... घरात करायलाव हे?"

"मंग काय बाहेरून आणू? रोजच खाऊन राहिलो आम्ही. तुझी बहीण आधी नाक मुरडायची, आता तीच मागून मागून खाती!"

फोन कट झाला. तो स्पीकरवर होता, हे मला नंतर कळलं. गाडीत आप्पांनी म्हणे डोळे मिटून जप सुरू केला होता.

मी खुशीत घाण्यावर घाणे काढत होतो. पाहुणे यायची वेळ झाली, टळली. एवढ्यात पल्लवी मोबाइलवर ओंकारचा मेसेज वाचत स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, गाडी नांदेड रोडला थांबलीय. आप्पा म्हणून राहिले, वळवा गाडी! काय बोललात तुम्ही मामाला?"

"मी? मी काय बोलणार? खेकडा करतोय म्हणालो."

"खेकडा भजी म्हणालात ना?"

मी आठवून बघितलं. भजी हा शब्द माझ्या तोंडून गेलाच नव्हता.

सुनंदानं कपाळाला हात लावला. बसवराज फोन उचलेना, ओंकारचा लागेना. पल्लवी दाराला टेकून उभी होती, डोळे भरलेले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी डब्यात गरम भजे भरले आणि म्हणालो, "काढ स्कूटी!"

ती गाडी चालवतेय, मी मागं डबा छातीशी धरून बसलोय. अंगात बनियन, हातावर बेसन वाळलेलं. सिग्नलला दुकानाशेजारचा किराणावाला ओरडला, "शेटजी, कुठं?"

"सोयरीक वाचवायला!" मी म्हणालो. त्यानं नंतर अख्ख्या गल्लीला हे सांगितलं.

नांदेड रोडला लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. बाहेर ओंकार आणि बसवराज मान खाली घालून उभे, आत आप्पा, काच वर. मी डबा उंच धरून धावलो.

"आप्पा, शरणार्थ!" मी आमच्यातला नमस्कार घातला.

काच दोन बोटं खाली आली. "डबा दूर धरा!"

"आप्पा, कांदा हाय हो! कांदा! बेसन!"

"मंग पाय कशाचे?"

"कांद्याचेच पाय!"

"कांद्याला पाय असतेत?" आप्पांनी बसवराजकडं बघितलं. बसवराजनं आकाशाकडं बघितलं. तेवढ्यात वारा आला, डब्याचा वास आत गेला आणि आप्पांचं नाक हललं.

"ओवा घातला का?"

"हाव."

"खेकड्यात ओवा घालतेत का रे, बसवराज?"

"मला काय माहीत आप्पा, मी कधी खाल्लाय?"

मी झाकण काढलं. आप्पांनी चष्मा वर करून बराच वेळ आत पाहिलं.

"ह्याला भजे म्हणतेत."

"हाव, आप्पा."

"मंग भजे म्हणा की! तोंडाला काय झालतं?"

मी डबा पुढं केला. आप्पांनी हात बाहेर काढला, एक भजं उचललं आणि मोडलं. कट्‌कन आवाज आला. हॉटेलात चहा न घेणारा माणूस भररस्त्यात खाऊ लागला! दुसरं घेतलं. तिसरं.

"पाणी न्हाई घातलं पिठात?"

"थेंब न्हाई!"

"घरी तीन सुना हायेत माझ्या. एकीच्याबी भज्याला असे पाय न्हाईत."

पल्लवी हसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोकळी हसली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. (हाताला कांद्याचा वास होता, ते निमित्त कामी आलं.)

"बसा गाडीत," आप्पा म्हणाले. "कढई गरम हाय ना?"

आमच्या घरी आप्पा थेट स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले आणि मी तळत राहिलो. डबा, ताटली, परात, सगळं रिकामं झाल्यावर बसवराजनं भीत भीत विषय काढला, "मग आप्पा... पोरगी?"

"पोरगी कव्हाच पसंत हाय. नातवानं फोटो दाखवला तव्हाच. मला काळजी बापाची होती."

"मग बाप?"

आप्पांनी मला खालून वर न्याहाळलं. "बाप येडा हाय. पण हाताला चव हाय."

लग्न थाटात झालं. मी नवा सूट, नवे बूट, डोक्याला फेटा बांधून मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करत होतो. लातुरातले व्यापारी आले, "शेटजी, शेटजी" म्हणत भेटले. माझी मान फेट्यासकट ताठ होती. मग जळकोटची जीप आली आणि उतरल्या उतरल्या एका म्हातारबुवांनी आप्पांना विचारलं, "ते खेकडेवाले व्याही कोणते?"

"ते काय," आप्पांनी काठीनं माझ्याकडं दाखवलं, "तिरपे चालून राहिले न्हाई का, तेच!"

नवे बूट फार चावत होते हो!